एकशे सत्तावीस घरांचा पट
(एका मोठ्या मूळ संख्येचा इतिहास)

वाचकहो, बुद्धिबळाच्या पटाची ती जुनी गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली आहे. बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या विद्वानाला राजाने इनाम मागायला सांगितले. त्याने मागितले काय, तर पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट करीत चौसष्ट घरे भरून द्यावीत. राजाला हसू आले. पण दिवाणजींनी हिशेब मांडला तेव्हा साऱ्या मुलखाचे धान्यही पुरेना!

गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला हिशेब मात्र खरा आहे. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा थोर विद्वान अल्-बिरूनी याने इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या ‘आसार-उल-बाकिया’ या ग्रंथात हा हिशेब करण्याची रीत दिली आहे. चौसष्ट बेरजा करीत बसण्याचे कारण नाही. २ चा वर्ग ४, ४ चा वर्ग १६, १६ चा २५६, असे सहा वेळा वर्ग केले की २ चा ६४ वा घात हाती येतो. त्यातून एक वजा केला की झाली बेरीज :

१८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१५

ही संख्या मूळ आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, असे आहे का? चौथीचा विद्यार्थीही सांगेल की नाही, कारण एकम स्थानी ५ आहे. पण आता पट लहान करून पाहा. दोन घरांची बेरीज ३, तीन घरांची ७, पाच घरांची ३१, सात घरांची १२७. या चारही संख्या मूळ आहेत. आणि पट मोठा करून एकशे सत्तावीस घरांचा केला, तर बेरीज येते ती अशी :

१७०,१४१,१८३,४६०,४६९,२३१,७३१,६८७,३०३,७१५,८८४,१०५,७२७

एकोणचाळीस अंकी ही संख्या, म्हणजे २ च्या १२७ व्या घातातून एक वजा केलेली, हीसुद्धा मूळ आहे. ती मूळ आहे असे एका माणसाने १६४४ साली सांगितले, आणि दुसऱ्या माणसाने १८७६ साली दाखवले. सांगणे आणि दाखवणे यांच्यामध्ये २३२ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर कसे कापले गेले, हाच या लेखाचा विषय.

परिपूर्ण संख्यांचा शोध

या संख्यांकडे माणसाचे लक्ष प्रथम वेधले ते परिपूर्ण संख्यांमुळे. ६ ला १, २ आणि ३ यांनी भाग जातो आणि १ + २ + ३ = ६. तसेच १ + २ + ४ + ७ + १४ = २८. आपल्याच विभाजकांच्या बेरजेइतकी जी संख्या भरते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास युक्लिडने सिद्ध केले की, पटावरील बेरीज जर मूळ संख्या आली, तर तिला शेवटच्या घरातील दाण्यांनी गुणावे. गुणाकार परिपूर्ण संख्या येतो. तीन घरांची बेरीज ७, शेवटच्या घरात ४, आणि ७ × ४ = २८. पाच घरांची बेरीज ३१, शेवटच्या घरात १६, आणि ३१ × १६ = ४९६. आपल्या १२७ घरांच्या संख्येपासूनही अशीच एक परिपूर्ण संख्या मिळते, ती सत्त्याहत्तर अंकी आहे.

युक्लिडनंतर सुमारे चारशे वर्षांनी निकोमाकसने अंकगणितावर ग्रंथ लिहिला. त्याला चारच परिपूर्ण संख्या ठाऊक होत्या : ६, २८, ४९६ आणि ८१२८. या चारांवरून त्याने ठरवून टाकले की एक अंकी एक, दोन अंकी एक, तीन अंकी एक, अशा क्रमाने या संख्या येतात आणि त्यांच्या शेवटी आळीपाळीने ६ आणि ८ असतात. नियम दिसायला देखणा होता. निकोमाकसचा ग्रंथ शतकानुशतके शिकवला गेला आणि त्याच्याबरोबर हा नियमही. पण कोणी पाचवी संख्या मोजून पाहिली असती, तर ती ३३,५५०,३३६ निघाली असती. पाच नव्हे, आठ अंकी! सहावी ८,५८९,८६९,०५६. म्हणजे पाचवीही ६ वर संपते आणि सहावीही.

अरबी भाषेत लिहिणाऱ्या गणित्यांनी हा विषय पुढे नेला. बगदादचा साबित इब्न कुर्रा (८३६–९०१) याने २२० आणि २८४ यांसारख्या, एकमेकींच्या विभाजकांची बेरीज असणाऱ्या, मित्र संख्या शोधण्याचा नियम सिद्ध केला. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत वारलेला इब्न अल्-हैसम हा प्रकाशशास्त्रासाठी प्रसिद्ध आहे. त्याने युक्लिडच्या नियमाची उलट बाजू सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. त्याचे एक कोडेही मोठे बोधप्रद आहे. २ पासून ६ पर्यंत कोणत्याही संख्येने भागले तर बाकी १ राहावी आणि ७ ने मात्र निःशेष भाग जावा, अशी संख्या कोणती? उत्तर असे की १ ते ६ यांचा गुणाकार ७२०, त्यात १ मिळवा, ७२१. आणि ७२१ = ७ × १०३. ७ च्या जागी कोणतीही मूळ संख्या घेतली तरी हे जमते, हा नियम युरोपात १७७० पासून विल्सन या इंग्रजाच्या नावाने ओळखला जातो.

तेराव्या शतकात इब्न फल्लूस (११९४–१२३९) याने दहा परिपूर्ण संख्यांची यादी दिली. तिच्यातील पहिल्या सात अचूक आहेत, ज्या काळी युरोपला पाचवी संख्याही ठाऊक नव्हती. पण वाचकहो, येथे थांबून फुशारकी मारण्याचे कारण नाही. त्याच यादीतील शेवटच्या तीन संख्या चुकीच्या आहेत. पूर्वजांचा मान राखायचा म्हणजे त्यांचे बरोबर ते बरोबर आणि चूक ते चूक म्हणायचे. गणितात कोणालाही वशिला नाही.

मर्सेनची यादी

पटावरील घरांची संख्या स्वतः मूळ नसेल, तर बेरीज मूळ येत नाही, हे सहज सिद्ध होते. पण घरांची संख्या मूळ असली म्हणजे बेरीज मूळ असतेच असे नाही. अकरा घरांची बेरीज २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. हे युरोपात १५३६ मध्ये छापले गेले. मग कोणत्या मूळ घातांकांना ही संख्या मूळ असते?

इटलीतील कातालदी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस १७ आणि १९ घरांच्या संख्या ओळीने मूळ संख्यांनी भागून पाहिल्या आणि त्या मूळ असल्याचे दाखवले. इतके कष्ट घेतल्यावर त्याने पुढच्या २३, २९, ३१ आणि ३७ घरांच्या संख्याही मूळच आहेत असे न तपासता लिहून टाकले. १६४० मध्ये फ्रान्सच्या फर्माने २३ घरांच्या संख्येला ४७ ने आणि ३७ घरांच्या संख्येला २२३ ने भाग जातो हे दाखवले. पुढे ऑयलरने २९ घरांच्या संख्येचा विभाजक २३३ काढून दिला. चारांपैकी तीन विधाने कोसळली, एकटी ३१ ची उरली.

पॅरिसमध्ये मारिन मर्सेन (१५८८–१६४८) नावाचे एक ख्रिस्ती साधू राहत. युरोपातील सारे विद्वान त्यांना पत्रे लिहीत आणि एकाचे संशोधन त्यांच्याकरवी दुसऱ्याला कळे. त्यांनी १६४४ च्या आपल्या ग्रंथात जाहीर केले की २५७ पर्यंतच्या घातांकांत २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच अकरा मूळ संख्या देतात, बाकी एकही नाही. आधार कोणता, ते त्यांनी सांगितले नाही. उलट, पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सारा काळही पुरणार नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे! तरी यादीला त्यांचे नाव चिकटले आणि आजही या संख्यांना ‘मर्सेन संख्या’ म्हणतात.

यादीतील ३१ चा निकाल १७७२ मध्ये लागला. तो लावणारा लिओनार्ड ऑयलर तेव्हा रशियात पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेलेली होती. ती संख्या २,१४७,४८३,६४७. तिचा विभाजक असलाच तर ४६,३४० पर्यंत सापडलाच पाहिजे, आणि तिथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. पण ऑयलरने आधी विचार केला. त्याने सिद्ध केले की विभाजक असेलच तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च राहिली पाहिजे. झाले! हजारो भागाकारांचे काम पावणेचारशेच्या आत आले. अंध माणसाला जे दिसले ते डोळसांना दिसले नव्हते.

पुढे १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणित्याने लिहिले की, या संख्येपासून मिळणारी परिपूर्ण संख्या हीच कायमची सर्वांत मोठी ठरेल, कारण हा विषय नुसत्या कुतूहलाचा आहे, उपयोगाचा नाही, तेव्हा यापुढे जाण्याच्या भानगडीत कोणी पडणार नाही. माणसाच्या कुतूहलाला कमी लेखणाऱ्यांची फजिती कशी होते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे.

ल्युकाचा पट

आता आपल्या १२७ घरांच्या संख्येकडे वळू. ऑयलरची युक्ती तिच्यापुढे चालणार नाही. विभाजक शोधायचे तर १३ वर शून्ये अठरा एवढ्या संख्येपर्यंत जावे लागेल. फर्मा आणि ऑयलर यांच्या नियमांनी चाळून घेतले आणि दर सेकंदाला एक भागाकार केला, तरी सुमारे ८० कोटी वर्षे लागतील. पिढ्यान्‌पिढ्या भागाकार करूनही हे काम होणारे नव्हते. त्याला वेगळाच रस्ता हवा होता.

तो सापडला फ्रान्समधील एदुआर ल्युका (१८४२–१८९१) यांना. फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्याचे अधिकारी होते, नंतर शाळांतून गणित शिकवीत. तीन खुंट्या आणि चकत्यांचे ‘हनोईचा मनोरा’ हे खेळणे त्यांचेच. १८७६ मध्ये त्यांनी अशी कसोटी काढली की तिच्यात विभाजक शोधावाच लागत नाही. ती येथे लहान संख्येवर करून पाहू. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

सात घरांची संख्या १२७ घ्या. ३ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा : ९ – २ = ७. पुन्हा तसेच : ४९ – २ = ४७. पुन्हा : २२०९ – २ = २२०७. संख्या १२७ हून मोठी झाली की १२७ ने भागून फक्त बाकी ठेवा : ४८. पुन्हा वर्ग करून २ वजा : २३०२, बाकी १६. पुन्हा : २५६ – २ = २५४, आणि १२७ ने भागता बाकी शून्य! घातांक ७ असता पाच पायऱ्या करायच्या. पाचव्या पायरीला शून्य आले, म्हणून १२७ मूळ.

आता अकरा घरांची २०४७ घ्या. येथे नऊ पायऱ्या. ३ पासून निघून बाक्या येतात त्या ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, १६०, १०३४. नवव्या पायरीला शून्य नाही, म्हणून २०४७ मूळ नाही. पाहा, २३ किंवा ८९ यांचे नावही न घेता निकाल लागला.

३ पासून सुरू होणारी ही कसोटी ज्या घातांकांना ४ ने भागून बाकी ३ उरते त्यांच्यासाठी आहे, आणि १२७ त्यांतलाच. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतील डी. एच. लेहमर यांनी कसोटीची सिद्धता पूर्ण केली आणि ३ ऐवजी ४ पासून सुरुवात केली तर ती २ सोडून सर्व मूळ घातांकांना लागू पडते हे दाखवले.

आपल्या संख्येसाठी पायऱ्या १२५. म्हणजे एकोणचाळीस अंकी संख्यांचे सव्वाशे वर्ग आणि तितकेच भागाकार, सारे हाताने! येथे ल्युकांनी पुन्हा पटाचाच आधार घेतला. ९९ ने भागून बाकी काढायची असेल तर आपण काय करतो? ४७६३ चे दोन तुकडे करून ४७ + ६३ = ११०, पुन्हा १ + १० = ११. भागाकार न करताच बाकी मिळाली. दशमान पद्धतीत ९९ चे जे स्थान, तेच दोनच्या पद्धतीत आपल्या संख्येचे, कारण त्या पद्धतीत ती एकशे सत्तावीस वेळा १ अशीच लिहिली जाते. तेव्हा ल्युकांनी बुद्धिबळासारखा, पण एका बाजूस १२७ घरे असलेला पट कल्पिला. घरात सोंगटी म्हणजे १, रिकामे घर म्हणजे ०. सोंगट्या सरकवल्या की गुणाकार, पटाच्या एका कडेने बाहेर पडलेली सोंगटी दुसऱ्या कडेने आत घेतली की भागाकार. अखेर शून्य आले. मर्सेनचे १२७ बद्दलचे म्हणणे खरे निघाले.

पण याच कसोटीने ल्युकांनी मर्सेनचे ६७ बद्दलचे म्हणणे खोटे ठरवले. ती संख्या मूळ नाही हे ठरले, मात्र तिचे विभाजक कोणते ते कोणालाच ठाऊक नव्हते. ते काढले १९०३ मध्ये अमेरिकन प्राध्यापक एफ. एन. कोल यांनी : १९३,७०७,७२१ आणि ७६१,८३८,२५७,२८७. न्यूयॉर्कच्या सभेत ते एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेले, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला हा गुणाकार केला, दोन्ही उत्तरे जुळली आणि ते जागेवर येऊन बसले, असे सांगतात. या शोधासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असे त्यांनी पुढे सांगितल्याचीही आख्यायिका आहे.

यादीतील इतर चुकाही एकेक करून उजेडात आल्या. ६१ मर्सेन यांनी वगळला होता. पण रशियातील पेर्वुशिन या खेड्यातल्या पाद्र्यांनी १८८३ मध्ये ६१ घरांची संख्या मूळ असल्याचे दाखवले. ८९ आणि १०७ हेही सुटले होते. २५७ मात्र नको असताना आत आला होता. १९४७ पर्यंत सारी यादी तपासून झाली. एकूण पाच चुका. तीनशे वर्षे लोक ज्या यादीचा दाखला देत होते, तिची ही अवस्था!

पुढची वाटचाल

ल्युकांची संख्या पाऊणशे वर्षे जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. १९५१ मध्ये फेरिए यांनी हिशेबाच्या यंत्रावर चव्वेचाळीस अंकी संख्या शोधून तिला मागे टाकले. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या संगणकावर रॅफेल रॉबिन्सन यांनी ५२१ आणि ६०७ हे दोन घातांक एकाच दिवशी मिळवले. कसोटी मात्र ल्युका आणि लेहमर यांचीच.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरा निकेल आणि कर्ट नॉल या अठरा वर्षांच्या दोन विद्यार्थ्यांनी २१,७०१ हा घातांक शोधला. ती संख्या ६,५३३ अंकी. २००२ मध्ये आपल्या कानपूरच्या आय. आय. टी. तील मणींद्र अगरवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी, कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे वाजवी वेळात खात्रीने ठरवणारी रीत दिली आणि जगभरच्या गणित्यांनी त्यांचे कौतुक केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये १३६,२७९,८४१ हा घातांक सापडला. त्याची संख्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. तपासण्याची कसोटी आजही तीच, वर्ग करा आणि दोन वजा करा.

आणि बार्लोचा ‘निरुपयोगी’ विषय? ऑयलरची ३१ घरांची संख्या आज संगणकाच्या घराघरात आहे. बत्तीस खाणी पद्धतीत, उणे-अधिक चिन्हासह साठवता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या तीच. बँकांचे आणि टपालाचे गुपित राखण्यासाठी १९७७ नंतर ज्या रीती निघाल्या, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध रीत मोठ्या मूळ संख्यांवरच उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्यांचा शोध घेणे महाकठीण. कोल यांचे ते तीन वर्षांचे रविवार आठवा!

एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. २ घरांची बेरीज ३, ३ घरांची ७, ७ घरांची १२७, १२७ घरांची आपली ही संख्या, प्रत्येक मूळ. आता आपल्या या संख्येइतकी घरे असलेला पट घेतला तर? त्याची बेरीज मूळ आहे का? आजतागायत कोणालाही सांगता आलेले नाही. चार वेळा जमले म्हणून पाचव्यांदा जमेलच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चार संख्यांवरून नियम बांधणाऱ्या निकोमाकसचे काय झाले, ते आपण पाहिलेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो आणि भगिनींनो, या साऱ्या हकीकतीत ग्रीक आहेत, अरब आहेत, फ्रेंच साधू आणि रशियन पाद्री आहेत, एक अंध गणिती आहे, शाळेतील शिक्षक आहेत आणि तुमच्याच वयाची दोन मुले आहेत. त्यांची भाषा निराळी, धर्म निराळा, काळ निराळा. सर्वांना बांधणारा धागा एकच. ‘मोठ्यांनी सांगितले आहे’ एवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि ‘आमच्यांनी सांगितले आहे’ एवढ्यावर तर मुळीच नाही. वर्गात उत्तर पाठ करताना, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेताना, किंवा कानावर आलेली गोष्ट पुढे सांगताना, क्षणभर हा पट आठवावा. १२७ बद्दल मर्सेन यांचे म्हणणे बरोबर होते, ६७ बद्दल चूक होते. पण तपासून पाहिल्याखेरीज त्या दोन विधानांत काडीचाही फरक दिसत नव्हता.

आज घरी गेल्यावर ३ पासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. पाचव्या पायरीला शून्य येते की नाही, ते या लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करू नका. स्वतः करून पाहा.